शंख एकाचा, संसार अनेकांचा

दक्षिण कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कार्पिंटेरिया नावाचं एक छोटं खाजण आहे. ओहोटी लागली की तिथल्या चिखलावर तीनएक सेंटिमीटर लांबीच्या, टोकदार मळसूत्री शंखांच्या गोगलगाई हजारोंनी उघड्या पडतात. शास्त्रीय नाव सेरिथिडिऑप्सिस कॅलिफोर्निका, रूप अगदी सामान्य. सांता बार्बराच्या विद्यापीठातले परजीवीशास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्या वेचून प्रयोगशाळेत नेत आले आहेत. तिथे हातोडीनं शंख फोडायचा आणि आतलं मांस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, एवढीच पद्धत. ज्या जागी गोगलगायीची जननग्रंथी असायला हवी तिथे पुष्कळदा ती नसतेच. तिच्या जागी शेकडो पांढुरक्या, वळवळणाऱ्या पिशव्या असतात. या पिशव्या म्हणजे पर्णकृमी. त्यांनी गोगलगायीचं प्रजनन कायमचं बंद केलेलं असतं.

गोगलगाय मात्र जिवंत असते. ती चालते, चरते, शंख वाढवते, भरती-ओहोटीप्रमाणे वागते आणि अशी काही वर्षंही जगते. पण तिनं खाल्लेल्या अन्नातून जे उरतं त्यातून तिची अंडी होत नाहीत, कृमींची पिलावळ होते. सातबाऱ्यावर नाव तिचं, पीक दुसऱ्याचं.

किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करणाऱ्यांनी शंख पुष्कळ मोजले. चौरस मीटरला किती, कोणत्या जातीचे, किती मोठे, याच्या नोंदी पूर्वीपासून होत आल्या. शंखाच्या आत कोण राहतं, हा प्रश्न मात्र बराच काळ कृमिशास्त्राच्या कोपऱ्यातच पडून होता. सागरी गोगलगाय हा एक प्राणी म्हणून मोजला तर किनाऱ्याचा हिशेब चुकतो, हे हळूहळू लक्षात आलं. ते लक्षात आणून देण्यात पर्णकृमींचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून त्यांच्यावर जरा रेंगाळायला हवं.

या कृमींचा जीवनक्रम ऐकणाऱ्याला तो मुद्दाम अवघड रचल्यासारखा वाटतो. प्रौढ कृमी राहतो पक्ष्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून चिखलात पडतात आणि तिथून गोगलगायीत शिरकाव होतो. आत एका डिंभापासून, म्हणजे कृमीच्या पिल्लापासून, हुबेहूब तसेच शेकडो तयार होतात, लैंगिक प्रजननाशिवाय. मग त्यांच्यातून सर्केरिया नावाचे शेपटीवाले डिंभ पाण्यात सुटतात. ते मासा, खेकडा किंवा शिंपल्यात शिरून कोशात दबा धरून बसतात. तो मासा किंवा खेकडा योग्य पक्ष्यानं खाल्ला की फेरा पूर्ण. पहिला मुक्काम बहुतेक सगळ्या जातींना गोगलगायीतच करावा लागतो. त्या बाबतीत त्या फार चोखंदळ असतात, ठरावीक कृमीला ठरावीकच गोगलगाय लागते.

कार्पिंटेरियाच्या या एका गोगलगायीत अशा अठरा-वीस जातींचे पर्णकृमी सापडतात. एका शंखात दोन जाती एकत्र फारशा टिकत नाहीत, कारण त्यांच्यात युद्ध होतं. २०१० च्या सुमारास रायन हेकिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही जातींमध्ये कृमींचे चक्क दोन वर्ग असतात. एक वर्ग मोठ्या शरीराचा, पोटात पिल्लं भरलेला. दुसरा आकारानं कितीतरी लहान, पण शरीराच्या मानानं तोंड मोठं, हालचाल चपळ आणि पोटात पिल्लू एकही नाही. बाहेरचा कृमी घुसला की हे छोटे त्याला चावून मारतात. मुंग्या-वाळवीतली सैनिकांची व्यवस्था गोगलगायीच्या पोटात मिळावी, ही अपेक्षा कुणीच केली नव्हती.

हे सगळं सूक्ष्म आहे म्हणून क्षुल्लक आहे, असा समज २००८ मध्ये मोडला. आर्मंड क्युरिस, केव्हिन लॅफर्टी आणि इतरांनी कॅलिफोर्निया व मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या तीन खाड्यांमधले परजीवी अक्षरशः तोलले आणि ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला. एका वर्षात गोगलगाईंमधून पाण्यात सुटणाऱ्या पोहत्या डिंभांचं वजनच त्या खाड्यांमधल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनापेक्षा जास्त भरलं. दोन वर्षं आधी लॅफर्टींच्याच गटानं कार्पिंटेरियाचं अन्नजाळं परजीवी धरून नव्यानं आखलं होतं. त्यातल्या पाऊणशे टक्के दुव्यांमध्ये कुठे ना कुठे परजीवी निघाला.

याच खाजणानं आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट शिकवली. तिथल्या बिघडलेल्या एका भागाची दुरुस्ती झाली. त्याआधी त्या भागातल्या गोगलगाई तुलनेनं ‘स्वच्छ’ होत्या, म्हणजे कृमी कमी. दुरुस्तीनंतरच्या सहा वर्षांत कृमींचं प्रमाण आणि जातींची संख्या दोन्ही वाढून शेजारच्या धडधाकट भागाच्या बरोबरीला आली. कारण सरळ आहे. पक्षी परतले, मासे परतले, खेकडे परतले, तेव्हा त्यांच्यावर अवलंबून असलेले कृमीही परतले. पक्ष्यांची मोजणी त्या दिवशी कोण आलं ते सांगते. गोगलगायीच्या पोटात गेल्या काही वर्षांत कोण येऊन गेलं त्याची नोंद असते. ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगोंची शिरगणती हौसेनं होते. त्यांच्या पायाखालच्या चिखलातही याच कुळाशी नातं सांगणाऱ्या टोकदार शंखांच्या गोगलगाई आहेत. तिथे दुर्बिणीच्या जोडीला हातोडीही न्यायला हरकत नाही.

परजीवी पोशिंद्याच्या वागण्यात ढवळाढवळ करतात, हे आता बरंच ऐकून माहीत असतं. तरी गोगलगाईंच्या बाबतीतले दाखले बारकाईनं पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात इलियानासा ऑब्सोलेटा ही चिखलातली गोगलगाय राहते. तिच्यात गायनिकोटायला ॲडंका हा कृमी शिरला की ती भरतीबरोबर वाळूवर वर चढते आणि ओहोटीला तिथेच उघडी पडते. निरोगी गोगलगाय असं करत नाही. या कृमीच्या पुढच्या मुक्कामाचे यजमान म्हणजे किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात उड्या मारणारे छोटे कवचधारी जीव, हे कळलं की त्या चढाईचा अर्थ लागतो. १९८७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. जपानमध्ये बॅटिलेरिया नावाच्या गोगलगायीत याच्या उलट दिसतं. बाधित गोगलगाई आकारानं मोठ्या होतात आणि खाली, पाण्याकडे सरकतात. एकाच चिखलावर निरोगी आणि बाधित यांच्या दोन वेगळ्या वस्त्या पडतात, दिसायला जात मात्र एकच.

कॅलिफोर्नियातल्या गोगलगायीतून निघणाऱ्या एका कृमीचं लक्ष्य किलीफिश नावाच्या माशाचा मेंदू असतं. बाधित मासे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ थरथरतात, कुशीवर वळून पोटाची चांदी चमकवतात आणि पक्ष्यांच्या तोंडी दहा ते तीस पट जास्त वेळा सापडतात, असं लॅफर्टींनी १९९६ मध्ये मोजून दाखवलं. मरतो मासा, पोट भरतं बगळ्याचं आणि या व्यवहाराचं मूळ असतं चिखलातल्या एका वांझ गोगलगायीत.

कधीकधी परिणाम यापेक्षा साधा असतो, पण पसरतो दूरवर. लिटोरिना लिटोरिया ही उत्तर अटलांटिकच्या खडकांवरची नेहमीची गोगलगाय. तिची पचनग्रंथी कृमींनी व्यापली की ती कमी खाते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या प्रयोगात निरोगी गोगलगाईंनी बाधितांपेक्षा ४० टक्के जास्त शेवाळ फस्त केलं. म्हणजे खडकावर कोणतं शेवाळ किती वाढणार, हे ठरवण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमीचा हात असतो. डेन्मार्कच्या वाडन समुद्रात १९९० च्या वसंतात हवा नेहमीपेक्षा उबदार राहिली. तांदळाच्या दाण्याएवढ्या हायड्रोबिया गोगलगाईंमधून कृमींचे डिंभ झपाट्यानं सुटले आणि कोरोफियम नावाचे चिखलात नळ्या बांधणारे जीव मोठ्या प्रमाणावर मेले. त्या नळ्यांनी धरून ठेवलेला गाळ सुटला आणि चिखलपट्ट्याचा पोतच बदलून गेला. कृमीमुळे जमिनीची धूप झाल्याचं उदाहरण दुसरं सहज आठवत नाही.

लिटोरिनाच्या कृमींनी तर एका जुन्या वादात साक्षही दिली. ही गोगलगाय उत्तर अमेरिकेची मूळची की युरोपातून आलेली, यावर शतकभर मतभेद होते. नोव्हा स्कोशियात तिची पहिली नोंद १८४० ची, पण तेवढ्यावरून ती तेव्हाच आली असं म्हणता येईना. शेवटी गोगलगाय आणि तिच्यातला क्रिप्टोकॉटिली लिंग्वा हा कृमी, दोघांचीही जनुकं तपासली गेली. अमेरिकी किनाऱ्यावर कृमींच्या जाती कमी आणि जनुकीय विविधताही युरोपाच्या मानानं तोकडी निघाली. थोडे परजीवी घेऊन आलेला तो पाहुणाच असणार, असा निकाल २००८ मध्ये लागला.

या विषयाचा इतिहास सांगताना मिरियम रॉथशील्ड यांना ओलांडून जाता येत नाही. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या गडगंज बँकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. रीतसर पदवी नाही, पण घरात किडे-कीटकांचं वेड. वडील चार्ल्स पिसवांचे अभ्यासक. ज्या पिसूनं मुंबईच्या प्लेगमध्ये उंदरांकडून माणसांकडे रोग नेला, तिचं, म्हणजे आजच्या झेनोप्सिला चिओपिसचं, पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांनीच १९०३ मध्ये केलेलं. मिरियम तीसच्या दशकात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत गोगलगाईंमधल्या कृमींच्या मागे लागल्या. बाधित हायड्रोबिया निरोगींपेक्षा मोठ्या होतात, हे त्यांनी १९३६ मध्ये नोंदवलं. प्रजननावर खर्च होणारी ताकद वाढीकडे वळते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. एकच बाधित लिटोरिना पाळून पाहिली, तर पाच वर्षांनंतरही तिच्यातून रोज डिंभ बाहेर पडत होते, आणि इतक्या काळात नव्यानं लागण होण्याची संधी तिला नव्हती. दुसऱ्या महायुद्धात प्लिमथवर बॉम्ब पडले आणि त्यांचं कित्येक वर्षांचं काम नष्ट झालं. पुढे १९५२ मध्ये थेरेसा क्ले यांच्यासह लिहिलेल्या ‘फ्लीज, फ्लूक्स अँड कुकूज’ या पुस्तकानं परजीवींचा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. किळस येणाऱ्या विषयावर विनोदबुद्धी शाबूत ठेवून लिहिता येतं, याचा तो उत्तम नमुना आहे.

माणसाला यातलं काय बाधतं? थेट फारसं नाही. इलियानासामध्ये पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या कृमीचे डिंभ वाढतात. उथळ पाण्यात शिंपले खणणाऱ्यांच्या कातडीत ते चुकून घुसतात, तिथेच मरतात आणि अंगाला खाज सुटते. त्याच घराण्यातले गोड्या पाण्यातले भाऊबंद मात्र माणसात प्रौढ होतात आणि शिस्टोसोमियासिस हा गंभीर रोग होतो. भारतात त्याचं एक ठाणं कोकणातच सापडलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, १९५२ च्या सुमारास, गाडगीळ आणि शाह या संशोधकांना. तिथला मध्यस्थ होता फेरिसिया हा गोड्या पाण्यातला चिमुकला शंख. समुद्राकाठी माणसात येणारा कृमी हवा असेल तर इजिप्तकडे पाहावं लागतं. १८५१ मध्ये थिओडोर बिलहार्झ यांना कैरोत एका शवविच्छेदनात हेटेरोफिस हा इवलासा कृमी दिसला. नाईलच्या मुखाजवळच्या मचूळ सरोवरांमधल्या पिरेनेला गोगलगाईंतून तो बोईट जातीच्या माशांमध्ये जातो आणि मासा नीट न शिजवता, किंवा नुसता खारवून खाल्ला की माणसात. तव्यावर खरपूस तळलेल्या बोईटापासून तो धोका नाही.

शंखाच्या आतलं हे झालं. बाहेर वेगळीच वर्दळ असते. कॅलिफोर्नियातल्या टेग्युला या काळ्या गोगलगायीच्या पाठीवर लोटिया ॲस्मी ही छोटी काळी लिंपेट, म्हणजे टोपीसारख्या शंखाची गोगलगाय, चढलेली असते आणि शंखावर उगवणारा शेवाळाचा पापुद्रा खरवडून जगते. हिंदी-प्रशांत महासागरांत सापडणारी सॅबिया कोनिका याहून निर्लज्ज. ती मोठ्या शंखाच्या कडेजवळ कायमची चिकटते, तिथे खोलगट व्रण पाडते आणि यजमानाची विष्ठा खाते. डायोडोरा नावाच्या लिंपेटच्या मांसल घडीत राहणारा खवल्यांचा किडा मात्र कामाचा आहे. शिकारी तारामासा जवळ आला की तो बाहेर येऊन त्याच्या नळीसारख्या पायांना चावतो. आणि शंखाचा मूळ मालक मेल्यावरही जागा रिकामी राहत नाही. आत संन्यासी खेकडा शिरतो आणि त्याच्याबरोबर शंखावर, शंखात, खेकड्याच्या अंगावर राहणारे इतर. २००४ मधल्या एका जागतिक आढाव्यात संन्यासी खेकड्यांसोबत राहणाऱ्या अपृष्ठवंशी जीवांच्या ५५० हून जास्त जाती मोजल्या गेल्या.

शंख पोखरणारे जीव व्यापाराच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचे. पूजेचा शंख आणि ‘शाखा’ नावाच्या बंगाली बांगड्या ज्याच्यापासून होतात त्या टर्बिनेला शंखाला आपल्या समुद्रात क्लायोना जातीचे स्पंज भोकं पाडतात. पृष्ठभाग चाळणीसारखा झाला की त्याला भाव येत नाही. पण या गटातली सगळ्यांत विलक्षण हकिकत एका दक्षिण आफ्रिकी किड्याची आहे.

टेरेब्रासाबेला हा काही मिलिमीटर लांबीचा किडा दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या ॲबलोनींबरोबर कॅलिफोर्नियात पोचला. ॲबलोनी म्हणजे बशीसारख्या उथळ शंखाची, खाण्यासाठी महागडी समजली जाणारी सागरी गोगलगायच. या किड्याचं पिल्लू शंखाच्या वाढत्या कडेवर येऊन बसतं. गोगलगाय नवीन कवच घालताना त्याच्याभोवतीही घालते, म्हणजे त्याचं घर तीच बांधून देते. तो तिचं मांस खात नाही, रक्त पीत नाही. पाण्यातून कण गाळून आपलं आपण जगतो. पण कडेवर शेकडो किडे जमले की शंख लांबी-रुंदीत वाढायचा थांबतो, वेडावाकडा घुमटासारखा होतो आणि ठिसूळ बनतो. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातले ॲबलोनी पालनाचे कारखाने यामुळे मेटाकुटीला आले. शास्त्रीय वर्णन आणि नाव त्याला १९९९ मध्ये मिळालं. तोवर तो कायुकोस गावाजवळ एका पालन केंद्राच्या सांडपाण्यातून खुल्या समुद्रात पोचून टेग्युला गोगलगाईंवर स्थायिकही झाला होता.

समुद्रात शिरलेला उपरा जीव परत काढता येत नाही, हा अनुभवाचा नियम. क्युरिस आणि कॅरोलिन कल्व्हर यांनी साथरोगांच्या गणिताचा आधार घेतला: बळी पडू शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप विझते. त्या किनाऱ्यावरून सुमारे १६ लाख टेग्युला हातानं वेचून काढल्या गेल्या. सांडपाण्यावर जाळ्या बसल्या, बाधित शंख हटवले गेले. २००० मध्ये किडा तिथून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. समुद्री उपद्रवाच्या उच्चाटनाची जी मोजकी उदाहरणं आहेत, त्यांत हे मानाचं आहे, आणि त्यासाठी ना विष लागलं ना नवं यंत्र.

ॲबलोनींचं दुसरं संकट मात्र असं वेचून काढता आलं नाही. १९८५-८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवर काळ्या ॲबलोनी सुकल्यासारख्या होऊन खडकांवरून गळून पडू लागल्या. आतड्याच्या अस्तरात राहणारा एक जिवाणू पचन बिघडवतो, उपाशी गोगलगाय स्वतःच्याच पायाचे स्नायू जाळते आणि पकड सुटते. पाणी उबदार झालं की रोग बळावतो. काही ठिकाणी जवळजवळ सगळी वस्ती संपली. १९९३ मध्ये काळ्या ॲबलोनीची मासेमारी बंद झाली, २००९ मध्ये ती अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेली. पुढे या जिवाणूच्या आत एक विषाणू सापडला. तो असला की जिवाणूचा मारा सौम्य होतो. परजीवीला परजीवी भेटला आणि फायदा गोगलगायीला झाला.

स्वतःच उपाय करणाऱ्याही आहेत. २०२१ मध्ये जपानच्या नारा महिला विद्यापीठातल्या सायाका मितोह आणि योइची युसा यांनी शंख नसलेल्या एलिसिया या समुद्री गोगलगाईंबद्दल लिहिलं. त्या मान तोडून डोकं वेगळं करतात, हृदयासकट उरलेलं शरीर मागे टाकतात आणि सुमारे तीन आठवड्यांत नवं शरीर वाढवतात. एका जातीत टाकून दिलेल्या शरीरांत कोपेपॉड हे छोटे कवचधारी परजीवी होते. परजीवीपासून सुटकेसाठीच हे चालत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

  

आतला पाहुणा घातकच असतो असंही नाही. २००१ मध्ये हिंदी महासागराच्या तळाशी कैरेई नावाच्या उष्ण झऱ्यांजवळ खवल्यांच्या पायाची एक गोगलगाय मिळाली. शंखावर आणि पायाच्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर, असा दुसरा प्राणी ज्ञात नाही. तिच्या अन्ननलिकेला लागून फुगलेली मोठी ग्रंथी असते. तिच्यात जिवाणू राहतात आणि झऱ्यातल्या रसायनांवर अन्न तयार करतात. गोगलगाय बहुतेक त्यावरच जगते. त्या जिवाणूंना प्राणवायू पुरवण्यासाठी तिचं हृदय शरीराच्या आकारमानाच्या सुमारे चार टक्के झालं आहे. २०१५ मध्ये तिला क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम हे नाव मिळालं.

कार्पिंटेरियाच्या गोगलगायीच्या पोटात कृमींनी जननग्रंथी गिळली, इथे जिवाणूंसाठी शरीरच नव्यानं बेतलं गेलं. दोन्हीकडे आतल्याचा आकार बाहेरच्याला घ्यावा लागला.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं क्रायसोमॅलॉनला संकटग्रस्त ठरवलं. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ती पहिली जात. तोवर माहीत असलेल्या तीन वस्त्यांपैकी दोन आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणानं दिलेल्या शोधपरवान्यांच्या क्षेत्रात होत्या, एक जर्मनीच्या आणि एक चीनच्या. भारतानंही २०१६ मध्ये हिंदी महासागरातल्या दहा हजार चौरस किलोमीटर तळावर सल्फाइड खनिजं शोधण्याचा करार केला आहे. त्या सर्वेक्षणांत गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या केंद्रानं चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेबरोबर सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत उष्ण झऱ्याची छायाचित्रं मिळवली. या गोगलगायीच्या जिवाणूंना लागणारी रसायनं आणि खाणवाल्यांना हवी असलेली सल्फाइड खनिजं, दोन्ही अशाच झऱ्यांतून वर येतात.